कोशाच्या धाग्याची बांगडी

आंधळगावच्या बसथांब्यावर ती मला एकदाच भेटली. यजमान जाऊन सहा महिने झाले होते आणि मोकळे हात पदराखाली लपवायची मला सवय लागली होती.

साठीची बाई. मांडीवरच्या पिशवीत मागावर उरलेले कोशाच्या रेशमाचे तुकडे, आणि एका जुन्या प्लास्टिकच्या बांगडीवर ती ते गुंडाळत होती. धागा संपला की दुसरा त्याला जोडून तळव्याने मांडीवर पीळ द्यायची. गाठ मारतच नव्हती.

"गाठ काहून नाही मारत, मावशी?"

"टोचते ना मनगटाले. पीळ देल्ला का धागाच धाग्याले धरून ठेवते."

मग न विचारता तिने माझा हात पदराबाहेर ओढला, अंगठा आत दुमडला आणि बांगडी चढवली. मी हात मागे घेतला. म्हणाले, "मले आता चालत नाही."

"काचेची चालत नाही, बाई. धाग्याले कोनी काही म्हनत नाही."

तेव्हा कुठे माझं तिच्या कपाळाकडे लक्ष गेलं. तेही मोकळंच होतं. मनगटांत मात्र तशाच चार-चार बांगड्या होत्या.

तेवढ्यात बस आली. बांगडी माझ्या हातात राहिली, तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

आता मीही करते. जुनी बांगडी, उरलेला धागा, टोकाला थोडा डिंक. ओळखीतली कोणी माझ्यासारखी एकटी पडली की एक घेऊन जाते. सांत्वनाचं बोलणं मला जमत नाही. मी तिच्याजवळ बसते आणि म्हणते, "हात दे."