फोटो आधी, रिपोर्ट नंतर

आज मुलुंडच्या एका रुग्णालयात माझ्या आजारी भावाला, डॉक्टर भेटण्याआधीच, रोबोटच्या पुठ्ठ्याच्या कटआउटशेजारी उभं करून फोटो काढायला लावला. शिसारी आली, म्हणून लिहिते आहे.

दादाला गुदाशयाचा कर्करोग आहे. शस्त्रक्रिया दुर्बिणीने करायची की रोबोटने, हे विचारायला आम्ही गेलो होतो. त्याला भीती एकच आहे: शौचासाठी पोटावर कायमची पिशवी लागेल का?

समुपदेशक मुलगी म्हणाली, "अंकल, रोबोटमध्ये व्रण दिसतसुद्धा नाही!"

दादा म्हणाला, "माझं पोट बघायला कोण येणार आहे, बाळा? पिशवीचं सांग ना."

"पॉझिटिव्ह राहा, अंकल! आपल्या माणसासाठी बेस्टच निवडायचं ना, मॅडम?"

मी उठले आणि थेट सर्जनच्या खोलीत शिरले. ते म्हणाले, "अवघड जागी रोबोटने काम सोपं होऊ शकतं. पण पिशवी लागेल की नाही, हे मुख्यतः गाठ किती खाली आहे त्यावर ठरतं."

"मग ती किती खाली आहे?"

"एमआरआय बघावा लागेल."

म्हणजे न बघताच रोबोट ठरला होता! दादाला घेऊन मी तिथून निघाले. माझा राग यंत्रावर नाही. घाबरलेल्या माणसाला गिऱ्हाईक समजणाऱ्यांची किळस येते. तुमच्या माणसाच्या प्रश्नाला तरी कोणी सरळ उत्तर दिलं का?

त्यांनी आम्हाला दिलं: रोबोटचं चित्र छापलेली पाण्याची बाटली.
आम्ही सकाळी काउंटरवर दिलेलं, तसंच परत मिळालं: एमआरआयचं पाकीट, न उघडलेलं.