अण्णांचं बिनतिकिटाचं थेटर

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला फोनवर काय काय सांगते, पण तिलाही नाही. गोष्ट तशी लहान आहे, इतकी की ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? पण आठ वर्षं झाली, ती काही मला सोडत नाही.

मी पुण्याची. लग्न करून हैदराबादला आले, बरकतपुऱ्यात. घरात नवरा, मी, पुढे सई झाली, आणि सासरे — अण्णा. त्यांच्या दोन पिढ्या इथंच गेलेल्या. त्यांचं मराठी आधी मला नीट कळायचंच नाही. ‘हौ’ म्हणायचे, ‘नक्को’ म्हणायचे, आणि शनिवारी दुपारी टाळी वाजवून म्हणायचे, “चला, थेटर चालू करू.”

थेटर म्हणजे आमचा हॉल. गल्लीच्या तोंडाशी यादगिरीचं दुकान होतं, जिन्याखालची एक खोली. तिथं पिक्चरच्या सीड्या भाड्यानं मिळायच्या. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून जायचे, यादगिरीशी तेलुगूत तासभर वाद घालायचे आणि एखादा जुना हिंदी पिक्चर घेऊन यायचे. सोबत गाड्यावरची मिरची भजी. सीडीवर हे ओरखडे! बनियनच्या तुकड्यानं कितीही पुसली तरी मध्येच अडकायची. मग अडकलेला भाग अण्णा स्वतः करून दाखवायचे — हिरो तेच, हिरोची आईही तेच. सई हसून हसून आडवी व्हायची. आणि मी? पहिली काही वर्षं मीही खुर्ची ओढून बसायचे. खोटं कशाला सांगू, फार मजा यायची.

मग यादगिरीनं दुकान बंद केलं. अण्णांशिवाय गिऱ्हाईक तरी कोण उरलं होतं? तो मुलाकडे वरंगलला निघून गेला. पुढच्या शनिवारीही अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले.

आणि मला... मला बरं वाटलं. आठवडाभर ऑफिस, नवरा कामासाठी बंगळुरूला, घरातलं सगळं माझ्यावर. शनिवारी हॉल शांत झाला आणि मी सुटले. केबल आम्ही सईच्या अभ्यासासाठी आधीच काढलेली. मी आपली आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन, कानात इयरफोन घालून पडायचे. काय बघायचे? पिक्चरच.

एका शनिवारी अण्णा दारात उभे राहिले. “वैशू, तुझ्या त्या कंप्युटरात पिक्चर असतात म्हणे. जुने असतात काय गं?”

“नाही अण्णा. सगळं इंग्रजीच असतं.”

“हौ? बरं, बरं. मी बघतो काहीतरी.”

जुन्या हिंदी पिक्चरची अख्खी यादी तेव्हा माझ्या समोरच्या पडद्यावर होती. स्क्रीन त्यांच्याकडे वळवायची, एवढंच करायचं होतं. पण मग ते आत येऊन बसले असते. माझी दुपार गेली असती.

त्यांनी मग खरंच काहीतरी बघितलं. बस बदलून गौलीगुड्याला गेले, रस्त्यावरच्या माणसाकडून सहा सीड्या आणल्या. त्यातली एकच लागली, तीही अर्धी. सीड्या पाठव म्हणून नांदेडच्या भाच्याला फोन केले. तो नुसता हो हो म्हणाला. हे सगळं मी बघत होते. मी काय केलं? चहा दिला.

आणि मग तो गुरुवार. ऑफिसातून रिक्षानं येत होते. नामपल्लीला सिग्नल लागला. समोर टीव्हीचं मोठं दुकान होतं, काचेआड एकाच वेळी सात-आठ टीव्हींवर एकच जुना पिक्चर चाललेला. बाहेर आवाज नाही. पायरीवर, काचेला जवळजवळ नाक लावून, एक म्हातारा माणूस उभा. हातात कापडी पिशवी. इस्त्रीचा शर्ट.

अण्णा हसत होते. त्यांना संवाद ऐकू येत नव्हते, तरी हसत होते. ओठ हलत होते त्यांचे — बहुतेक स्वतःच बोलत होते सगळ्यांचं.

उतरता आलं असतं. नुसती हाक मारली असती तरी पुरलं असतं. मी ओढणी डोक्यावरून पुढे घेतली आणि दुसरीकडे बघत बसले. सिग्नल सुटला.

रात्री जेवताना अण्णांनी सईला अख्खा पिक्चर सांगितला. ती म्हणाली, “कुठं बघितला आजोबा?”

“आहे एक थेटर. तिकीट नाही लागत तिथं.”

मी भाजी वाढत होते. पुढे तीन-एक महिने ते दर गुरुवारी गेले. मग एकदा म्हणाले, तिथल्या माणसानं पायरीवर उभं राहायला मना केलं. मी तेव्हाही सांगितलं नाही. का नाही? कारण सांगितलं असतं, तर आधीचं खोटं बाहेर आलं असतं. त्यांचा अपमान झाला होता आणि मी माझी अब्रू सांभाळत होते.

दोन वर्षांनी लॅपटॉपमधली ती यादी सईला सापडलीच. “आजोबा, हे बघा किती आहेत!” म्हणत ती लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये पळाली. अण्णांनी यादी बघितली. बराच वेळ बघितली. नवराही तिथंच बसलेला. मग अण्णांनी माझ्याकडे मान वळवली.

“आता नवीन टाकले असतील कंपनीनं. नाही का वैशू?”

“हो,” मी म्हणाले. “आत्ताच आलेत.”

त्यांना ठाऊक होतं का? मी खूप विचार केला. मला अजूनही सांगता येत नाही.

त्यानंतर ते रोज बघायचे. सईनं त्यांना इयरफोन आणून दिले, मला त्रास नको म्हणून त्यांनीच मागितले होते. एका दुपारी मी हॉलमधून जाताना त्यांनी एक इयरफोन कानातून काढला, माझ्यापुढे धरला आणि शेजारी सरकून जागा केली. “ये, बस की. आता बघ, मस्त सीन येतोय.”

“काम आहे अण्णा,” मी म्हणाले.

काम नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन, त्यांचा पिक्चर संपेपर्यंत ओट्याला टेकून उभी राहिले.

गेल्या वर्षी अण्णा गेले.