आखाजीच्या घागरीतली वीज

आमचे वडील सुरतेत कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते आणि विजेवर त्यांचा जुना राग होता. आठवड्यातून एक दिवस कारखान्याची वीज बंद राही आणि त्या दिवसाची मजुरी बुडे. नव्वदच्या दशकात अशाच एका सुटीला आमच्या वस्तीत, गोडादऱ्यात, कोणी व्याख्याते आले. म्हणाले, आपल्या ऋषींनी मातीच्या मडक्यात वीज तयार केली होती. तांब्याची पट्टी, जस्त, मोरचूद आणि ओला भुसा, बस्स. वडील घरी आले ते ऋषी होऊनच.

तांबं मोटारीच्या जुन्या वायरीतून निघालं. जस्त काही मिळेना, म्हणून टॉर्चसाठी आणलेले नवेकोरे सेल फोडून त्यांनी वरची जस्ताची टरफलं काढली. सेल फोडून सेल करायचा, हे मला काही उमगलं नाही. पण ऋषींना प्रश्न विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मडकं मात्र कोपऱ्यात तयारच होतं.

टॉर्चचा बल्ब जोडून दारं-खिडक्या लावल्या.

"देखा, पेटना!" वडील ओरडले.

त्यांना उजेड दिसला. आम्हाला नुसता घाम आला.

तेवढ्यात आई दळण घेऊन आली आणि दारातच थबकली. ते मडकं आखाजीचं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही खानदेशी लोक पितरांच्या नावाने घागर भरतो, उन्हाळ्यात त्यांना गार पाणी मिळावं म्हणून. आजोबांना, म्हणजे वडिलांच्याच वडिलांना, जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांची ही पहिली घागर, आखाजी उद्यावर आलेली, आणि घागरीतून मोरचुदाचं निळं विष पाझरत होतं.

वडील हार मानतील तर शपथ. हजारो वर्षांपूर्वीचं आपलं ज्ञान वगैरे ऐकवू लागले. आईने सगळं ऐकून घेतलं.

"हजारो वरीस पहिले वीज व्हती," ती म्हणाली, "आन तुमना बाप ते चिमनीना उजेडमाच ग्यात."

खरंच होतं ते. गावी दारासमोर विजेचा खांब उभा होता, पण तार आजोबांच्या घरात कधी आली नाही. रॉकेलच्या चिमणीवर त्यांनी जन्म काढला. वडिलांचा चेहरा असा उतरला, की मला त्या व्याख्यात्याचा संताप आला.

सकाळीच वडील कुंभाराकडून नवी घागर घेऊन आले. आईने ती भरली, वर आंबा ठेवला. मग वडिलांनी बोर्डातून वायर ओढली आणि घागरीच्या बरोबर वर मोठा बल्ब टांगला. भर दुपारी तो जळत होता. एरवी दिवसा दिवा दिसला की घर डोक्यावर घेणारी आई त्या दिवशी काही बोलली नाही.