शेवटच्या कडव्यातलं नाव

समजा, तुम्हाला एक गाणं टिपून ठेवायचंय. साल अठ्ठ्याण्णव. तुमच्यापुढे एक कॉम्प्युटर आहे. आठवडाभर त्याच्यावर मुलं शिकतात, रविवारी दुपारी तो मोकळा असतो. हातात कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी आहे आणि तिच्यात गाणं जुळवायचे दोन प्रोग्रॅम आहेत. आवाज टिपणारा एक साधासा प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच आहे. म्हणजे तीन झाले. तिन्ही फुकट. कोणता चांगला हे विचारावं, असं गावात कुणी नाही. आणि तुमच्या पाठीमागे, चपला जिन्यात काढून, तुमची आत्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलीय आणि दर दोन मिनिटांनी विचारतेय, "झालं का गं?"

तुम्ही कोणता निवडाल?

प्रज्ञानं सगळ्यात देखणा निवडला. बावीस वर्षांची होती ती. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होऊन वर्षही झालं नव्हतं आणि राहुरीतल्या एका क्लासमध्ये ती कॉम्प्युटर शिकवत होती. खाली शेतीपंपांचं दुकान, वर क्लास, आणि दोन्हींचे मालक आबासाहेब. रविवारी गाणं रेकॉर्ड करू का, म्हणून तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "मॅडम, कॉम्प्युटर शिकवायला घेतलाय, गायला न्हाई. पण करा. काही बिघडलं तर मात्र पोरांना फळ्यावर शिकवावं लागंल तुम्हाला."

गाणं आत्याचं होतं. पुष्पावती आत्या म्हणजे प्रज्ञाच्या वडिलांची, भाऊसाहेबांची, थोरली बहीण. बेलापूरला राहायची. बालवाडीत मदतनीस होती. सकाळी मुलांना घरोघरी जाऊन गोळा करायचं, त्यांची शेंबडी नाकं पुसायची, सुकडी वाटायची, आणि हे सगळं करता करता गाणी रचायची. लिहायला येत नव्हतं, त्यामुळे सगळी डोक्यात. छप्पन साली समाजानं बुद्धाची वाट धरली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. घरातले देव उचलले गेले, त्या रात्री आई काय म्हणाली, बाप काय म्हणाला, हे तिला शब्दन्‌शब्द पाठ होतं. तिचं पहिलं गाणं त्यावरच होतं. तेव्हापासून चाळीस वर्षं ती गाणी जोडत होती आणि जयंतीला वस्तीतल्या बाया ती गात होत्या.

त्यातलं एक गाणं फार चाललं.

"लेक चालली शाळेला, वाट सोडा गं बायांनो,
तिच्या पाटीवर उजेड, दिवा लावा गं बायांनो."

अशा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. त्याला छाप म्हणतात. गाणं कुणाचं, याचा दुसरा कागद नसतो, पुरावा नसतो. गाणारा कुणीही असो, शेवटी रचणाऱ्याचं नाव घेऊनच खाली बसायचं, हा रिवाज. आत्याची छाप अशी होती:

"पुष्पा बोले बेलापूरची, मला लिहिता येईना,
नाव माझं लेक लिही, पाटी कोरी राहीना."

आदल्या वर्षी जयंतीच्या दिवसांत शेजारच्या तालुक्यातली एक गायन पार्टी बेलापुरात आली. स्टेज, लाइट, दोन मोठे कर्णे. त्यांच्या मुख्य गायकानं हेच गाणं धरलं तेव्हा बायांच्या रांगेतली आत्या पदर सावरून ताठ बसली. शेजारी लंकाबाई होती, आत्याच्या गाण्यांना खंजिरीची साथ करणारी. तिनं आत्याला कोपरानं डिवचलं. शेवटचं कडवं आलं आणि गायकानं 'पुष्पा' आणि 'बेलापूरची'च्या जागी स्वतःचं नाव आणि गाव घातलं. टाळ्या पडल्या.

"मास्तर हाय तो मास्तर!" आत्या पुढे कितीतरी दिवस ज्याला त्याला सांगायची. "हायस्कूलात शिकीवतो. आन म्हनतो, मला लिहिता येईना! चोरायचं तर जरा बघून तरी चोरावं की मानसानं."

हसून सांगायची. पण प्रज्ञा तिला लहानपणापासून ओळखत होती. ते हसू नुसतं ओठांवरचं होतं. जी गोष्ट लिहिता येत नाही ती अशीच कुणीही उचलून नेणार, हे आत्याला पहिल्यांदा कळलं होतं. म्हणून यंदाच्या जयंतीआधी गाणं कॅसेटवर यायला हवं होतं, नावासकट. कॅसेट दहा वस्त्यांत गेली की मग कुणाची टाप होती नाव बदलायची?

"नगरला स्टुडिओ आहे, आत्या. तिथे चांगलं होईल," प्रज्ञा म्हणाली होती.

"नगं बाई. गानं माझं आन मशीन लोकाचं. मग नाव कुनाचं पडायचं? तू शिकलीस ना त्यातलं? तूच कर."

सरळ टेपवर गायलं तर चुकलेलं कापून नीट जोडता येत नाही, म्हणून कॉम्प्युटर. तर प्रज्ञानं देखणा प्रोग्रॅम निवडला. पडद्यावर चार पट्ट्या यायच्या, एकीखाली एक. पहिलीत आवाज, दुसरीत खंजिरी, उरलेल्या दोन रिकाम्या. आवाज वाढला की हिरवे दिवे लाल व्हायचे. आत्यालाही ते फार आवडलं. "दिवाळीच मांडलीय की गं," ती म्हणाली.

पहिल्या रविवारी दोघी बेलापूरहून एसटीनं आल्या, आत्या आणि लंकाबाई. आबासाहेबांच्या कॅसेट प्लेअरचा माइक होता. खिडकीला सतरंजी लावली, कारण उसाचा सीझन होता आणि खालच्या रस्त्यानं कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर कर्कश गाणी लावून जात. एक ट्रॅक्टर गेला की पुढचा यायच्या आत सुरुवात करायची. आत्या गायली. ध्रुपद दोनदा म्हणायचं ते रंगात येऊन तीनदा, चारदा म्हणाली. लंकाबाईनं खंजिरी वाजवून वाजवून बोटं लाल केली. गाणं संपलं तेव्हा जिन्यात उभे राहिलेले आबासाहेब नकळत टाळी वाजवून गेले, तीही गाण्याच्या शेपटात टिपली गेली.

प्रज्ञानं सेव्ह केलं, कॉम्प्युटरवर कापड घातलं आणि दोघींना स्टँडवर सोडून आली.

सोमवारी सकाळी मुलं यायच्या आत तिनं गाणं उघडलं. बरोबर तीन मिनिटांवर ते तुटलं होतं. शेवटचं कडवं सुरू होत होतं आणि आत्याचा आवाज म्हणत होता, "पुष्पा बो—". पुढे काही नाही.

सीडीवरच्या माहितीच्या फाइलमध्ये अगदी खाली लिहिलेलं होतं: फुकटच्या आवृत्तीत तीन मिनिटांपर्यंतच सेव्ह होईल. ती फाइल प्रज्ञानं उघडलीच नव्हती. 'आधी माहितीची फाइल वाचा, मग बटणाला हात लावा,' हे ती रोज मुलांच्या कानीकपाळी ओरडत होती. सरावाच्या वेळी आत्या सव्वादोन मिनिटांत गाणं संपवायची, तेवढ्यावरच ती निर्धास्त राहिली होती. खरं गाणं रंगात आलं की लांबतं, हे तिला कळायला हवं होतं. लहानपणापासून जयंतीच्या मांडवात बसली होती ती.

पुढच्या रविवारी तिनं आत्याला खरं ते सांगितलं. ऐकवलंही. आत्यानं 'पुष्पा बो'पर्यंत ऐकलं आणि पडद्याकडे बोट केलं.

"म्हंजे ह्ये मशीनबी मास्तरच निघालं," ती म्हणाली.

लंकाबाई हसून हसून खोकायला लागली. प्रज्ञा मात्र रडायच्या बेतात होती.

"नाव पहिल्या कडव्यात घेऊया का, आत्या? म्हणजे राहील तरी."

"येडी का काय? आदी गानं, मग नाव. जेवायच्या आदी कुनी ढेकर देतं का?"

जयंतीला तीन आठवडे राहिले होते आणि रंगात आलेली आत्या घड्याळ बघून थांबेल, हा भरवसा प्रज्ञाला नव्हता. प्रज्ञानं उरलेले दोन प्रोग्रॅम काढले. कॉम्प्युटरमधला साधा प्रोग्रॅम एका वेळी एकच मिनिट टिपायचा आणि गप्प व्हायचा. सीडीवरचा दुसरा तर बघवत नव्हता. काळा पडदा आणि त्यावर वरून खाली सरकत जाणारे आकडे. वीज मंडळाचं बिल वाटावं असा. पण ह्या वेळी तिनं माहितीची फाइल आधी वाचली, शब्दकोश घेऊन, दोन संध्याकाळी बसून. कुणा परदेशी विद्यार्थ्यानं तो हौसेनं बनवला होता आणि पूर्ण फुकट दिला होता. मर्यादा कसलीच नाही. त्याला आवाज टिपता येत नव्हता, पण टिपलेले तुकडे दिले तर सांगाल त्या क्रमानं तो ते वाजवायचा. कुठल्या आकड्यावर कुठला तुकडा, एवढंच लिहायचं.

एक मिनिट टिपणारा एक, तुकडे जोडणारा दुसरा. देखण्याला जे जमलं नाही ते ह्या दोघा कुरूपांनी मिळून करायचं, असं तिनं ठरवलं.

त्यापुढच्या रविवारी आधी खंजिरी. लंकाबाईला तिनं एकच थाप मारायला सांगितली, मग नुसता घुंगरांचा छणत्कार. ते दोन तुकडे आकड्यांत मांडले आणि बटण दाबलं. खंजिरी वाजायला लागली. वाजतच राहिली.

"ही लंकाबाई दमत कशी न्हाई गं?" आत्यानं विचारलं.

"माझ्यापरीस बरी हाय की," लंकाबाई स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाली. "चहा बी मागत न्हाई."

मग कडवी. प्रत्येक कडवं मिनिटापेक्षा लहान होतं, तेव्हा एकेक टिपायचं. पण इथे भलतीच अडचण निघाली. आत्याला मधलं कडवं सुटं गाताच येईना.

"तिसरं म्हण, आत्या."

आत्यानं डोळे मिटले. ओठ हलले. "कसं म्हनू? पहिलं झाल्याबिगर तिसरं येतंय व्हय?"

खरंच होतं ते. कागदावरून पाठ केलेलं गाणं कुठूनही उघडता येतं. आत्याचं गाणं कागदावर कधी नव्हतंच. एका कडव्याचा शेवट दुसऱ्याला हात धरून आणायचा. मग प्रज्ञानं तिला दर वेळी गाणं पहिल्यापासून म्हणू दिलं आणि हवं ते कडवं आलं की बटण दाबलं. दुसऱ्या कडव्यासाठी एकदा, तिसऱ्यासाठी एकदा, चौथ्यासाठी दोनदा, कारण मध्येच उसाचा ट्रॅक्टर आला. पाचव्यापर्यंत आत्याचा घसा बसत आला होता. शेवटचं कडवं तिनं सावकाश म्हटलं, शब्द चाचपून बघत असल्यासारखं.

दोघींना घरी धाडल्यावर प्रज्ञानं सगळं जोडलं. चार कडवी खंजिरीवर बसली. पाचवं बसेना. यंत्राची खंजिरी एका चालीनं पुढे जायची आणि आत्याचा थकलेला आवाज मागे राहायचा. दोन दिवस ती आकडे वरखाली करत होती. शेवटी तिनं त्या कडव्यापुरती खंजिरी काढूनच टाकली.

आणि मग ऐकलं. चार कडवी वाजतगाजत येत होती आणि अचानक सगळं थांबून एकटा आवाज उरत होता, थोडा खरखरीत, अगदी कानाजवळ: "पुष्पा बोले बेलापूरची..."

त्या आवाजावर दुसऱ्याचं नाव चिकटवणं कुणालाच जमलं नसतं.

आबासाहेबांनी स्वतःचा दोन कप्प्यांचा टेप वर आणून दिला. कॉम्प्युटरमधून कॅसेटवर, मग एका कॅसेटवरून दुसरीवर, अशा बारा झाल्या. प्रत्येकीवर प्रज्ञानं नाव लिहिलं. आत्यानं एक हातात घेतली.

"कुठं लिव्हलंय?"

प्रज्ञानं तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. आत्यानं परत एकदा, एकटीनं फिरवलं.

"लई लांब हाय की गं माझं नाव," ती म्हणाली.

कॅसेटी गेल्या. बेलापूर, राहुरी, श्रीरामपूरकडच्या वस्त्या. एक तर थेट संगमनेरला पोचली म्हणे. पुढच्या वर्षी प्रज्ञाला पुण्यात नोकरी लागली. तो कॉम्प्युटर आबासाहेबांनी मोडीत काढला. सीडी तिच्याकडे बिस्किटांच्या डब्यात अजून आहे. आता कुठलंही यंत्र ती ओळखत नाही, पण तिनं टाकलेली नाही. आज खिशातल्या फोनवर पन्नास पट्ट्या उघडतात, फुकट. तरी काळ्या पडद्यावरून खाली सरकणारे ते आकडे आठवले की तिच्या नाकाला अजून त्या खोलीतला वास येतो, तापलेल्या यंत्राचा आणि लंकाबाईच्या पदरातल्या तंबाखूचा.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात ती सुट्टीला पुण्याहून येत होती. संध्याकाळची एसटी. नगर सोडल्यावर एका फाट्यावर गाडी थांबली. जयंतीचे मांडव त्या दिवसांत महिनाभर गावोगाव हलत असतात. रस्त्यापासून आत, लाइटच्या माळांखाली कुणीतरी गात होतं. पुरुषाचा आवाज. "लेक चालली शाळेला..."

प्रज्ञानं काच पूर्ण सरकवली. चौथं कडवं चाललं होतं. ते संपलं. ध्रुपद आलं, एकदा, दुसऱ्यांदा. मग एकदम वाद्यं थांबली, अगदी कॅसेटमध्ये थांबतात तशी. गायकानं श्वास घेतला आणि कंडक्टरनं डबल बेल दिली.

बेलापूरला गेल्यावर तिनं आत्याला सांगितलं. आत्या मेथी निवडत होती, तिचे हात थांबले.

"वाद्यं थांबवली म्हंतीस?"

"हो. आपल्या कॅसेटसारखीच."

"मंग उतरायचं न्हाई का?"

"गाडी सुटली गं, आत्या."

आत्यानं हातातली काडी खुडली. मग म्हणाली, "असू दे. कॅसेट तरी ऐकलीय त्यानं."

प्रज्ञा अजूनही त्या रस्त्यानं जाते. फाट्यावर गाडी थांबली की कुठल्याही महिन्यात असो, तिचा हात आपोआप काचेकडे जातो. कॅसेट ऐकली म्हणजे नाव त्याच्या कानावर पडलं होतं, हे नक्की. पण श्वास घेतल्यावर त्यानं पुढे काय म्हटलं असेल? पुष्पा बोले, की आणखी कुणी?