भाजीवालीने भरवलेली ओटी

मुलांनो, तुमच्या आजोबांकडे रंगूनला एकटी निघाले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. कारंज्याहून छोट्या गाडीने मूर्तिजापूर, तिथून कलकत्ता, पुढे बोट. डब्यात आमची नेहमीची भाजीवाली होती. ती बाकावर कधीच बसत नसे. टोपलीला टेकून खाली बसे आणि भाजीवर पाणी शिंपडत साऱ्या डब्याची चौकशी करी.

"कायले रडून राह्यली, बाई? समुद्र का तुले खाऊन टाकते?"

"घरच्यांना हे जाणं पसंत नाही. माझी ओटीसुद्धा कुणी भरली नाही," मी म्हणाले.

ती विधवा होती. ओटी भरायचा मान तिला नव्हता. मग तिने टोपलीतले पाच चांगले पेरू निवडले आणि समोरच्या अनोळखी सवाष्णीला दिले.

"तुमी भरा इची ओटी. माह्या हाताची नको."

आपली नजर पडू नये म्हणून ती दाराकडे तोंड करून बसली.

'तुम्हीच भरा' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण इंग्रजी शिकलेली मी, तुमच्या आजोबांचं काही बरंवाईट होईल या भीतीने मुकाट्याने पदर पसरला.

तिने पाठमोरीच विचारलं, "भरली का नीट?"

"भरली," मी म्हटलं.