बर्फावरची माकडटोपी

मॉलमधल्या बर्फाच्या टेकडीवर लेकीला पहिल्यांदा नेलं, तेव्हा ती आठ वर्षांची होती. बाहेर दुबईचा ऑगस्ट भाजत होता आणि आत मी साताऱ्याहून आणलेली माकडटोपी घालून उभा.

“बाबा, प्लीज, टेक इट ऑफ! एव्हरीवन इज लुकिंग!”

“बघू देत. कान झाकलेले बरे.”

उताराच्या टोकाला मात्र ती रडायलाच लागली. तिला धीर द्यायला मी ऐटीत पुढे झालो आणि थेट बसूनच खाली पोहोचलो, टोपी डोळ्यांवर. ती इतकी हसली की हसता हसता स्वतःच घसरत खाली आली.

आता ती कॅनडात शिकते, खऱ्या बर्फात. काल फोनवर हळूच म्हणाली, “बाबा, ती टोपी आहे अजून?”

“शोधतो,” मी म्हणालो. टोपी केव्हाच धुऊन पार्सलमध्ये भरली होती. तिने मागायचीच वाट बघत होतो.