मौनकोठीतले अकरा दिवस

गुरुवार, संध्याकाळचे पाच. पालीच्या रस्त्यावर, कातळावरच्या आरोग्याश्रमात फौजदाराने तिसऱ्या मौनकोठीचे कुलूप तोडवले. आत जयगडच्या तांडेलाची बायको भागीरथी मरून पडली होती. कोठीतला तिचा तो अकरावा दिवस.

त्यानंतर रत्नागिरीत कोणालाही भेटा, त्याच्याकडे आश्रमाची एक गोष्ट असतेच. ज्याने आश्रमाचे फाटकही पाहिलेले नाही त्याच्याकडे दोन असतात! बावीस वर्षे बातमीदारी केलेला मी. त्यातल्या निम्म्या ऐकता ऐकताच टाकून दिल्या. उरल्या त्या माझ्यासमोर घडलेल्या, नाहीतर ज्याच्यावर बेतल्या त्याच्या तोंडून ऐकलेल्या. आमच्या साप्ताहिकाच्या बातमीत त्या मावत नाहीत, म्हणून इथे सांगतो.

* * *

आरोपी म्हणजे आरोग्याचार्य अण्णाजी. माझ्या लेखी तो दिगंबर. पुण्याला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. मी बी.ए. झालो, दिगंबर इंटरला तीनदा बसला आणि तिन्ही वेळा परीक्षकांना दोष देत घरी आला. मग सहा वर्षे बेपत्ता. परतला तो दाढी, कफनी आणि एक कंपनी घेऊन!

कंपनीचा मुख्य माल म्हणजे डब्यात भरलेली तांबडी माती. दुखेल तिथे ओली करून बांधायची. रत्नागिरीत तांबडी माती विकत घ्यायची! मी संतापून पहिल्या पानावर दोन कॉलम खरडले. अंक छापून घरी आलो, तर आमची ही कपाळाला तीच माती बांधून पडलेली.

"अगं, आपल्या परसात हीच माती आहे!"

"असेल. पण परसातल्या मातीने डोकं थांबत नाही. आणि तुमच्या लेखाने तर आणखी चढतं."

मला दिगंबरचा मत्सर वाटतो, असे लोक म्हणतात. वाटतो! का वाटू नये? वीस वर्षांच्या संसारात तिने माझे एकही वाक्य असे कपाळाला लावलेले नाही.

* * *

मौनकोठी म्हणजे जांभ्याच्या चार भिंती. खिडकी नाही. पाण्याचा एक घडा, अन्न नाही. बाहेरून कुलूप. आत एक दोरी आणि तिच्या दुसऱ्या टोकाला, बाहेर पडवीत, घंटा. आतल्या माणसाने रोज सकाळी एकदा दोरी ओढायची. घंटा वाजली की सगळे क्षेम; नाही वाजली तर दार उघडायचे.

आणि पडवीत एक फळा. कोण किती दिवस राहिला ते सगळ्यांना दिसेल असे लिहिलेले, मोठा आकडा वर. दिगंबर इंटरला का नापास झाला, हे मला तो फळा पाहिल्यावर कळेनासे झाले. इतका हुशार माणूस!

फळ्यावर पहिले नाव निवृत्त मामलेदार रावसाहेबांचे: दहा दिवस. बाजारपेठेतल्या कापडवाल्या जनुभाऊंना ते सहन होईना. जनुभाऊ सत्याग्रहात तीन महिने तुरुंगात जाऊन आलेले. कोठीत शिरताना म्हणाले, "तुरुंगाला खिडकी होती हो! ती कसली शिक्षा?"

आठव्या सकाळी घंटा वाजली नाही. दार उघडून त्यांना उचलून बाहेर आणले. तोंडावर पाणी मारल्यावर डोळे किलकिले झाले, ओठ हलले. सगळे वाकले.

"रावसाहेबांचे किती होते?"

"दहा."

जनुभाऊ हमसाहमशी रडू लागले. नव्या लोकांना वाटले, भुकेने रडताहेत.

* * *

कोठीच्या खालची पायरी म्हणजे कडुलिंबाची छडी. ज्याच्या अंगातला रोग हट्टी, त्याच्या पाठीवर अण्णाजी ती स्वतः चालवत.

चैत्राच्या हळदीकुंकवाला मामलेदारीणबाई आमच्या घरी आल्या, त्या डाळ-पन्ह्याला हातही लावीनात. शेवटी हिने विचारले, "काय झालं वहिनी?"

"काय व्हायचंय? त्या कापडवाल्याला लागोपाठ तीन दिवस छड्या! आणि आमच्याकडे अण्णाजी ढुंकून बघत नाहीत. आमचे काय कमी आजारी आहेत?"

पुढच्या सोमवारी रावसाहेबांना सहा छड्या मिळाल्या. बाईंनी आळीत पेढे वाटले. आमच्याही घरी दोन आले. मी खाल्ले नाहीत. हिने दोन्ही खाल्ले!

* * *

भागीरथीचे आणि या लोकांचे काही नाते नव्हते. तिला ना फळा वाचता येत होता, ना त्यात रस होता. तिला अर्धशिशी होती. नवरा आत्माराम मचवा घेऊन मुंबईला गेलेला असताना शेजारणीने तिला आश्रमात आणून सोडले. सोमवारी ती कोठीत गेली. दुखणे जाईल म्हणाले, म्हणून गेली.

आत्माराम परतला आणि पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी शहाळी घेऊन आश्रमाच्या फाटकाशी उभा राहिला. फाटकावर त्या दिवशी रावसाहेब होते.

"भेट नाही," ते म्हणाले. "मौन मोडेल."

"भेट नको. पानी तरी द्या तिला शहाळ्याचं."

तेवढ्यात आत पडवीतली घंटा वाजली. रावसाहेबांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "ऐकलंस? खुशाल आहे ती. दहावा दिवस! नशीब काढलंस लेका. आमची बायको मेली एवढी जिद्दीची नाही."

आत्माराम शहाळी तिथेच ठेवून जयगडला परत गेला. जाताना, तो सांगतो, त्याला बरे वाटत होते. गुरुवारी सकाळी मात्र त्याला राहवेना. तो तडक फौजदाराकडे गेला.

* * *

खटला उभा राहिला: बेकायदा कोंडून ठेवणे आणि निष्काळजीपणाने मृत्यू. मुंबईच्या एका मोठ्या दैनिकाचा तरुण रिपोर्टर स्टीमरने उतरला. पायांत पांढरे बूट, गळ्यात कॅमेरा! आश्रम काढल्यापासून दिगंबरने मला एकदाही मुलाखत दिली नव्हती. या पोराला अडीच तास दिली, वर आंबे दिले. छापून आले: 'कोकणच्या कातळावरील तेजस्वी साधक.' फोटोसकट.

ते दैनिक हातात घेऊन मी छापखान्यात जळत बसलो होतो, तेव्हा आत्माराम आला. बसला नाही.

"तुमी छापा नायतर नका छापू. डाक्तर म्हनतात, त्या गार खोलीत कवा मेली ते नक्की सांगता येनार नाय. अन्नाजी म्हनतात, गुरवारी दुपारी अचानक गेली. मी बुधवारी फाटकाशी हुबा होतो, तवा ती जिती होती काय? येवडं कललं म्हंजे झालं."

मी म्हणालो, "घंटा तर तू स्वतःच ऐकलीस ना?"

"व्हय. म्हनूनच तर परत गेलो."

मी ते दैनिक घडी करून बाजूला ठेवले.

* * *

गेल्या मंगळवारी कोर्टात बचावाचे सात साक्षीदार उभे राहिले. सातांनीही शपथेवर तेच सांगितले: कोणाला कोंडले नाही, सगळे राजीखुशीने, भागीरथीची घंटा बुधवारी वाजली आणि गुरुवारी सकाळीही वाजली, तोवर ती धडधाकट होती. सरकारी वकील नव्या दमाचा, पण सात भिंतींवर डोके आपटून तोही थकला. सातवे रावसाहेब पिंजऱ्यातून उतरायला निघाले, तेव्हा तो कागद आवरता आवरता सहज बोलावे तसे बोलला.

"फळ्यावर आपले नाव दुसरे, नाही का रावसाहेब? पहिली भागीरथी. अकरा दिवस. एका तांडेलाची बायको!"

मागच्या बाकावर जनुभाऊ खो खो हसले. अख्ख्या कोर्टाने ऐकले.

रावसाहेबांनी पायरीवरचा पाय मागे घेतला. मान फुगली.

"दुसरा? मी दुसरा नाही."

"फळा तसे म्हणतो."

"फळा चुकीचा आहे! मी अण्णाजींनाही सांगितलं होतं. माझे दहा आहेत, दहाही दिवस मी आत जिवंत बसलोय. तिचे नऊच. शेवटचे दोन धरायचे नाहीत!"

हसणे थांबले. पंखा ओढणाऱ्याचा हातही थांबला.

"का धरायचे नाहीत?" वकिलाने अगदी हळू विचारले.

रावसाहेबांनी दिगंबरकडे पाहिले. दिगंबर स्वतःच्या पायांच्या बोटांकडे पाहत होता.

आत्माराम भिंतीशी उभा होता. तो पुढे आला. पट्टेवाल्याने दंड धरला, तरी आला.

"सायेब, मंग बुधवारी घंटा वाजवली कोनी?"

मॅजिस्ट्रेट त्याला गप्प बस म्हणाले नाहीत. त्यांनी तोच प्रश्न रावसाहेबांना विचारला, मग उरलेल्या सहांना एकेक करून पुन्हा उभे करून विचारला. शिरस्तेदाराने प्रश्न सात वेळा लिहिला. सातही ठिकाणी पुढची ओळ कोरी आहे.